कलकत्त्याहून भूमध्य समुद्राकडे

१८४२ सालच्या जानेवारी महिन्याच्या ९ तारखेस कलकत्त्याच्या धक्क्यावरून 'इंडिया' नावाची एक आगबोट हुगळीच्या पात्रातून समुद्राच्या दिशेने निघाली. तीवर जो मुख्य उतारू होता, तोच तिचा मालकही होता. द्वारकानाथ ठाकूर हे त्याचे नाव. वय अठ्ठेचाळिशीच्या आसपास; जोडासाँकोच्या ठाकूर घराण्यातील कर्ता पुरुष, जमीनदार, सराफीच्या पेढीचा आधारस्तंभ, नीळ, मीठ, रेशीम, साखर, कोळसा आणि अफू यांचा व्यापारी. कविवर्य रवींद्रनाथांचे आजोबा म्हणून आज ते सर्वांना ठाऊक आहेत; परंतु त्या दिवशी धक्क्यावर निरोप द्यायला जमलेल्या लोकांना दुसऱ्या कोणाच्या नात्याने त्यांची ओळख करून देण्याची गरज नव्हती. निघण्यापूर्वी कलकत्त्याच्या नागरिकांनी टाउन हॉलमध्ये त्यांच्यासाठी निरोपाची सभा भरवली होती.

या प्रवासाचे वैशिष्ट्य त्याच्या हेतूत आहे. त्यापूर्वीही हिंदी माणसे विलायतेस गेली होती, नाही असे नाही. १७८१ साली राघोबादादा पेशव्यांनी आपला वकील हणमंतराव यास लंडनला धाडले होते. १८३० साली राजा राममोहन रॉय दिल्लीच्या बादशहाचे गाऱ्हाणे घेऊन गेले. द्वारकानाथ ज्या वर्षी निघाले, त्याच वर्षी साताऱ्याच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये कंपनी सरकारच्या दारी न्यायासाठी खेटे घालीत होते. ही सारी माणसे कोणाच्या तरी कामासाठी, कोणाचे तरी अन्नमीठ स्मरून गेली. द्वारकानाथांच्या हाती मात्र कोणाची वकालत नव्हती. जग पाहावे, प्रकृतीस विसावा द्यावा, मोठ्यांची ओळख करून घ्यावी, आणि जमल्यास व्यापाराच्या नव्या वाटा न्याहाळाव्या, एवढ्याचसाठी ते निघाले. स्वखर्चाने, स्वतःच्या बोटीने आणि स्वतःच्या लहरीने भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने रमतगमत फिरणारा पहिला हिंदी गृहस्थ म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवता येईल.

अशी सफर त्या काळी शक्य झाली ती वाफेमुळे. राममोहन रॉय शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून गेले, तेव्हा नोव्हेंबरात सोडलेल्या कलकत्त्यानंतर त्यांना लिव्हरपूलचे दर्शन घडले ते पुढल्या एप्रिलात. आगबोटीने हा वेळ वाचेल अशी कलकत्तेकरांची फार आशा होती. त्यांनी वर्गणी जमवून बक्षीस लावले, आणि १८२५ साली 'एंटरप्राइज' ही आगबोट इंग्लंडहून आलीही. परंतु केपच्या वळशाने तिला ११३ दिवस लागले. मार्ग बदलल्याशिवाय वाफेचा उपयोग नाही, हे त्यावरून कळून चुकले. नवा मार्ग काढला तो मुंबईने. २० मार्च १८३० रोजी मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही लहानशी आगबोट तांबड्या समुद्राकडे निघाली आणि महिन्याभरात सुएझला पोहोचली. तिच्यात कोळसा इतका भरला होता की, उतारूंच्या खोल्यांतही तो रचावा लागला. वाटेत कोळसा मिळाल्याशिवाय हा मार्ग नेहमीचा होणार नव्हता. म्हणून १८३९ च्या जानेवारीत मुंबई सरकारच्या फौजेने एडन जिंकून घेतले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे ते ठाणे मुंबई इलाख्याचाच भाग होते.

द्वारकानाथांना या कोळशाचे मर्म इतर कोणाहूनही अधिक कळत होते. १८३४ साली त्यांनी विल्यम कार या इंग्रज भागीदाराबरोबर 'कार, टागोर आणि कंपनी' स्थापन केली होती. १८३६ साली या कंपनीने राणीगंजची कोळशाची खाण विकत घेतली. हुगळीत मोठ्या जहाजांना ओढून आणणाऱ्या बोटींचा धंदाही त्यांच्याच हाती होता. तेव्हा 'इंडिया' बोटीच्या भट्टीत पडणारे प्रत्येक फावडे त्यांना आनंद आणि हिशेब या दोहोंची एकदमच आठवण करून देत असले पाहिजे.

बरोबरचा परिवार बेताचा होता. मॅकगोवन नावाचे इंग्रज डॉक्टर, भाचे चंद्रमोहन चॅटर्जी, मदतनीस परमानंद मैत्र, तीन हिंदू नोकर आणि एक मुसलमान बबर्ची. या यादीतील शेवटचे नाव आज सहज वाचून पुढे जावे असे वाटते. परंतु १८४२ च्या बंगाली ब्राह्मण समाजात सारा गहजब त्या एका नावात साठला होता. समुद्र ओलांडणे हे एक पातक, आणि परधर्मीयाच्या हातचे अन्न हे दुसरे.

या दुसऱ्या पातकाची किंमत द्वारकानाथांच्या घराने आधीच मोजली होती. त्यांच्या पत्नी दिगंबरीदेवी अत्यंत धर्मनिष्ठ होत्या. बेलगाछियाच्या बागेतील बंगल्यात पती साहेबलोकांच्या पंगतीला बसतो, हे त्यांना कळले तेव्हा त्यांनी पंडितांचा सल्ला घेतला. पतीची सेवा सोडू नये, पण संसर्ग टाळावा, असा निर्णय मिळाला. त्यानंतर कामापुरते बोलावे लागले तरी त्या प्रत्येक वेळी गंगाजलाने स्नान करीत. द्वारकानाथ बाहेरच्या बैठकीच्या वाड्यात राहू लागले, आणि १८३९ साली दिगंबरीदेवींनी देह ठेवला. दोघांपैकी कोणीही आपल्या निष्ठेशी तडजोड केली नाही. तीन वर्षांनी ज्या माणसाची बोट हुगळीतून बाहेर पडली, त्याच्या मागे घरात हा न मिटलेला अबोला होता.

बोट सिंहलद्वीपाला टेकून, अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात शिरली आणि सुएझला पोहोचली. सुएझचा कालवा तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो उघडला १८६९ साली. सुएझ ते कैरो हे सुमारे ऐंशी मैलांचे वाळवंट घोड्यांच्या गाड्यांतून पार करावे लागे. टॉमस वॅगहॉर्न नावाच्या उद्योगी इंग्रजाने या वाटेवर प्रवाशांची सोय लावण्याचा ध्यास घेतला होता, आणि वाटेत मुक्कामाची ठाणी उभी राहिली होती. सामानसुमान उंटांवरून जाई. इतकेच नव्हे, तर सुएझच्या बोटींना लागणारा कोळसाही नाईलकाठाहून उंटांच्या पाठीवरूनच येई. वाफेच्या युगाचे इंधन उंटाने वाहावे, ही त्या संधिकाळाची खरी खूण होय. कैरोपासून नाईलच्या पाण्यातून आणि नंतर महमूदिया कालव्यातून अलेक्झांड्रियाला जायचे. हा कालवा १८२० साली मुहम्मद अली पाशाने पुरा केला होता. इजिप्तला नव्या यंत्रयुगात ओढून नेणारा हा जबरदस्त राज्यकर्ता, आणि बंगालमध्ये तेच काम आपल्या पेढीच्या बळावर करू पाहणारा हा व्यापारी! पुढे १८४५ च्या प्रवासात या दोघांची भेट झाली.

अलेक्झांड्रियाहून भूमध्य समुद्र लागला. त्याचे पहिले मोठे बंदर माल्टा. परंतु पूर्वेकडून येणाऱ्या माणसाला माल्टाचे दार लगेच उघडत नसे. इजिप्त आणि तुर्कस्तान येथे प्लेगचा नेहमीच वावर असल्याने तिकडून आलेल्या प्रत्येक उतारूस प्रथम क्वारंटीनमध्ये अडकून पडावे लागे. व्हॅलेटा शहराच्या शेजारच्या खाडीत एका बेटावर सतराव्या शतकापासून यासाठी इमारती होत्या. तेथे राजा असो वा रंक, नेमलेले दिवस काढल्याशिवाय सुटका नसे. पत्रेसुद्धा चिरून, धुरी देऊन मगच पुढे पाठवीत. लाखोंची उलाढाल करणारे द्वारकानाथही या नियमातून सुटले नाहीत. स्वदेशात ज्यांच्या शिवाशिवीची चर्चा झाली, त्यांनाच युरोपच्या उंबरठ्यावर पुन्हा एका निराळ्या शिवाशिवीला तोंड द्यावे लागले. फरक इतकाच की, एकीचा आधार शास्त्रवचनाचा होता आणि दुसरीचा रोगाच्या भयाचा.

माल्टाहून ते नेपल्सला गेले. या भागातील त्यांचा मुक्काम सर्वस्वी निवांतपणाचा होता. व्हेसुव्हियसचा धुमसता डोंगर, त्याच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडले गेलेले आणि अठराव्या शतकापासून पुन्हा उजेडात येत असलेले पाँपेई, निळ्या उपसागराचा अर्धचंद्र, हे सारे त्या काळच्या युरोपीय रसिकांचे तीर्थस्थानच होते. इटलीची पहिली रेल्वेही १८३९ साली याच नेपल्समध्ये सुरू झाली होती. पुढे रोमला त्यांनी पोपची भेट घेतली. मग उत्तर इटली ओलांडून, जर्मनी व बेल्जियममार्गे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते लंडनला पोहोचले. कलकत्त्याहून लंडनला पोहोचायला त्यांना पाच महिने लागले. याच मार्गाने येणारी टपाल तोवर कितीतरी आधी पोहोचत असे. अर्थात हे पाच महिने मार्गाचे नव्हते, प्रवाशाच्या मर्जीचे होते. घाई परवडत असूनही ज्याने ती केली नाही, त्याच्या प्रवासालाच पर्यटन म्हणायचे.

लंडनमधील त्यांच्या सन्मानाची हकीकत अनेकदा सांगितली गेली आहे. राणी व्हिक्टोरियाने त्यांना राजवाड्यात भोजनास बोलावले. एडिंबरो शहराने त्यांना मानाचे नागरिकत्व दिले. पॅरिसमध्ये लुई फिलिप राजाने त्यांचे स्वागत केले. त्या मानसन्मानापेक्षा दोन गोष्टी अधिक ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही की, इंग्लंडात त्यांनी न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणी आणि मँचेस्टर-ग्लासगोचे कारखाने डोळ्यांखालून घातले. दुसरी ही की, ब्रिस्टल येथे परक्या मातीत विसावलेल्या राममोहन रॉयांच्या अस्थी त्यांनी आर्नोज व्हेल या दफनभूमीत हलवण्याची व्यवस्था केली आणि त्यांवर भारतीय घाटाची छत्री उभारवली. ती आजही तेथे आहे.

डिसेंबर १८४२ मध्ये ते कलकत्त्यास परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर जॉर्ज थॉमसन नावाचा इंग्रज वक्ता होता. गुलामगिरीविरुद्ध झगडलेला हा माणूस इंग्लंडात सातारकर महाराजांच्या बाजूनेही उभा राहिला होता. म्हणजे रंगो बापूजींच्या आणि द्वारकानाथांच्या वाटा या एका माणसाच्या ठायी एकमेकींजवळ येतात. थॉमसनच्या पुढाकाराने १८४३ च्या एप्रिलात कलकत्त्यात 'बेंगॉल ब्रिटिश इंडिया सोसायटी' स्थापन झाली. सहलीवरून परतणारा माणूस सोबत काय घेऊन येतो, यावरून त्याची पारख करावी असे म्हटले, तर द्वारकानाथांनी आणलेली ही वस्तू काही सामान्य नव्हती.

परतल्यावर प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. राघोबादादांच्या हणमंतरावाने स्वदेशी आल्यावर प्रायश्चित्त घेऊन ज्ञातीत प्रवेश मिळवला होता. द्वारकानाथांनी ते साफ नाकारले. त्यांनी वाद घातला नाही, शास्त्रार्थाची सभाही भरवली नाही. प्रायश्चित्त न घेता ते आपले व्यवहार पाहू लागले. त्यांच्या संपत्तीपुढे समाजाचे फारसे चालले नाही, हे खरे आहे. परंतु हेही तितकेच खरे की, ज्यांच्याजवळ अशी संपत्ती नव्हती, त्या पुढच्या प्रवाशांना हा प्रश्न आणखी पन्नास-साठ वर्षे छळत राहिला.

८ मार्च १८४५ रोजी द्वारकानाथ दुसऱ्यांदा निघाले. एवढ्यात पी. अँड ओ. कंपनीने कलकत्ता ते सुएझ अशी नियमित फेरी सुरू केली होती, आणि या वेळची बोट होती तिची 'बेंटिंक'. बरोबर धाकटा मुलगा नगेंद्रनाथ होता. त्याच बोटीवर डॉक्टर गुडिव्ह यांच्या देखरेखीखाली कलकत्ता मेडिकल कॉलेजचे चार विद्यार्थी होते: भोलानाथ बोस, गोपालचंद्र सील, द्वारकानाथ बोस आणि सूर्यकुमार चक्रवर्ती. त्यांपैकी दोघांचा खर्च द्वारकानाथांनी उचलला होता. पाश्चात्त्य वैद्यक शिकण्यासाठी हिंदी विद्यार्थी परदेशी गेले ते हेच पहिले. दहा वर्षांनी सूर्यकुमार चक्रवर्ती सरकारी वैद्यकीय सेवेची स्पर्धापरीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय ठरले. एका धनिकाच्या हौसेच्या प्रवासात चार गरजू विद्यार्थ्यांना जागा मिळाली, ही गोष्ट त्या प्रवासाच्या जमेच्या बाजूस लिहिली पाहिजे.

या दुसऱ्या फेरीत भूमध्य समुद्राच्या काठी त्यांचा पुन्हा मुक्काम झाला: कैरो, माल्टा, नेपल्स, आणि तेथून फ्रान्स. पॅरिसमध्ये त्यांची ओळख एका तरुण जर्मन संस्कृत अभ्यासकाशी झाली. तो म्हणजे मॅक्स म्यूलर. द्वारकानाथ इटालियन गाणी गात आणि म्यूलर पियानोची साथ करी. एकदा म्यूलरने आग्रह करून भारतीय संगीत ऐकले, आणि त्यात त्याला ना सूर सापडला ना ताल. तेव्हा द्वारकानाथांनी त्याला चांगलेच सुनावले. आपणही प्रथम इटालियन संगीत ऐकले तेव्हा ते निरर्थकच वाटले होते. पण कान तयार होईपर्यंत आपण ते सोडले नाही. तुम्ही युरोपीय मात्र जे अनोळखी, ते त्याज्य समजता. असा त्यांच्या बोलण्याचा आशय म्यूलरनेच पुढे नमूद करून ठेवला आहे. परक्या बंदरात उतरणाऱ्या कोणाही प्रवाशाला याहून चांगला धडा देता येणार नाही.

१ ऑगस्ट १८४६ रोजी लंडनमध्येच द्वारकानाथांचा अंत झाला. केन्सल ग्रीन येथे त्यांचे दफन झाले. ना गंगाकाठ, ना मंत्राग्नी. दीड वर्षाच्या आत, १८४८ च्या प्रारंभी, 'कार, टागोर आणि कंपनी'चे दिवाळे निघाले. देवेंद्रनाथांनी आत्मचरित्रात दिलेल्या हिशेबानुसार देणे सुमारे १ कोटीचे आणि येणे ७० लाखांचे होते. पहिल्या प्रवासापूर्वीच, १८४० साली, द्वारकानाथांनी काही मिळकती विश्वस्तांच्या हाती देऊन मुलांसाठी सुरक्षित केल्या होत्या. सावकारांना त्यांस हात लावता येत नव्हता. देवेंद्रनाथांनी त्याही सावकारांपुढे ठेवल्या. त्यांच्या सचोटीने सावकार विरघळले, आणि वर्षानुवर्षे काटकसर करून त्या घराण्याने कर्ज फेडले. भूमध्य समुद्रावरील त्या निवांत दिवसांचे, पॅरिसच्या मेजवान्यांचे आणि स्त्रीपाहुण्यांच्या खांद्यांवर घातलेल्या काश्मिरी शालींचे बिल अखेर मुलाने चुकते केले. या वैभवामागे निळीच्या मळ्यांचे आणि चीनकडे जाणाऱ्या अफूचे उत्पन्न होते, हेही विसरून चालणार नाही.

एव्हाना भूमध्य समुद्राची सहल हा इंग्रज मध्यमवर्गाच्याही आवाक्यातला विषय होऊ लागला होता. आश्चर्य असे की, तिचा पहिला नामांकित कथनकारही कलकत्त्याचाच. कादंबरीकार थॅकरे यांचा जन्म १८११ साली कलकत्त्यात झाला. १८४४ च्या ऑगस्टमध्ये पी. अँड ओ. कंपनीने त्यांना आपल्या बोटींवरून फुकट प्रवास देऊ केला. जिब्राल्टर, माल्टा, अथेन्स, स्मर्ना, कॉन्स्टँटिनोपल, जाफा, अलेक्झांड्रिया अशी बंदरे पाहून त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. एका बोटीतून दुसरीत, बंदरामागून बंदर, ठरलेल्या वेळापत्रकाने. आजच्या सागरी पर्यटनाचे बीज त्या योजनेत स्पष्ट दिसते. द्वारकानाथांनी जे स्वतःच्या बोटीने केले, ते कंपनीने तिकिटावर विकायला आरंभ केला.

महाराष्ट्राशीही या कथेचे नाते आहे. द्वारकानाथ पहिल्या प्रवासात लंडनच्या जवळ येऊन ठेपले होते, त्याच सुमारास, १ जून १८४२ रोजी, जोडासाँकोच्या घरी त्यांचे नातू सत्येंद्रनाथ जन्मले. आजोबांच्या मागोमाग तेही १८६२ साली विलायतेस गेले, आय. सी. एस. झालेले पहिले भारतीय ठरले, आणि सारी नोकरी त्यांनी मुंबई इलाख्यात केली. साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून ते १८९७ साली निवृत्त झाले. तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. ज्या साताऱ्याच्या न्यायासाठी रंगो बापूजी चौदा वर्षे लंडनला झिजले आणि रिक्त हस्ते परतले, त्याच साताऱ्यात द्वारकानाथांच्या नातवाने न्यायासनावर बसावे, हा काळाचा खेळ विचार करायला लावणारा आहे.

आणि एक प्रवास आणखी. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याच्याच बंदरातून 'सिटी ऑफ कलकत्ता' ही बोट निघाली. तीवर अठरा वर्षांची एक महाराष्ट्रीय मुलगी होती: आनंदीबाई जोशी. पती गोपाळराव श्रीरामपूरला टपालखात्यात नोकरीस. निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारीला श्रीरामपूरच्या कॉलेजात भरलेल्या सभेत तिने आपण अमेरिकेला का जाणार, हे निर्भयपणे सांगितले होते. हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा तिचा निश्चय होता. सुएझचा कालवा उघडून तेव्हा चौदा वर्षे झाली होती. वाळवंटातील उंट आणि घोडागाड्या इतिहासजमा झाल्या होत्या. अठ्ठावन्न दिवसांनी, ४ जूनला, ती न्यूयॉर्कला उतरली. तिच्याजवळ स्वतःची बोट नव्हती, डॉक्टर नव्हता, बबर्ची नव्हता. समाजाची तोंडे बंद करणारी संपत्ती तर नव्हतीच. द्वारकानाथांनी ज्या विद्येसाठी दोन मुलांचा खर्च उचलला, ती विद्या घेऊन १८८६ साली ती पदवीधर झाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात तिचे निधन झाले.

एकाच नदीच्या मुखातून, एक्केचाळीस वर्षांच्या अंतराने, ही दोन माणसे बाहेर पडली. एकाने समुद्र ओलांडला तो जगाचा आनंद लुटण्यासाठी, दुसरीने तो आपल्या भगिनींच्या दुखण्याला उतार पडावा म्हणून. पहिल्याला प्रायश्चित्त नाकारणे सोपे गेले, दुसरीला जाणेच अवघड होते. परंतु समुद्र ओलांडल्याने माणूस बाटत नाही, हे दोघांनीही शब्दांनी नव्हे तर कृतीने सिद्ध केले. आज भूमध्य समुद्रातील बंदरे पाहायला जाणाऱ्या भारतीय कुटुंबांना ना माल्टाच्या बेटावर अडकून पडावे लागते, ना घरी परतल्यावर पंडितांपुढे उभे राहावे लागते. त्यांच्या तिकिटाची किंमत फक्त रुपयांत मोजली जाते. तिचा उरलेला भाग दिगंबरीदेवींचा अबोला, देवेंद्रनाथांची काटकसर आणि आनंदीबाईंचे अल्प आयुष्य यांनी फार पूर्वीच भरून ठेवला आहे.